हजेरीची ओळ

धारवाडहून अळणावरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या झाडांना पेंढा लटकू लागला की सुगी आली असं समजावं. ट्रॅक्टरवर दोन माणसांच्या उंचीचा पेंढा रचलेला असतो. तो झाडांखालून घासत जातो आणि खालच्या फांद्यांना पिवळ्या दाढ्या फुटतात. विजेच्या तारांनाही काही काड्या अडकून राहतात. काल बसच्या खिडकीतून त्या दिसल्या आणि पाठोपाठ वास आला, वाळलेल्या भाताचा, थोडा गोडसर, थोडा धुळीचा. त्या वासाने मला हमखास दोन शिंका येतात. कंडक्टरने शून्य रुपयांचं तिकीट हातात दिलं. आमच्याकडे बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण तिकीट घ्यावंच लागतं, आणि मी ती सगळी तिकिटं वहीत चिकटवते. "आई, शून्याचं काय चिकटवायचं?" असं तुमच्या बाबाने एकदा विचारलं होतं. शून्यसुद्धा कुणीतरी भरलेलं असतं, असं मी त्याला सांगितलं.

अन्वी, ईशान, तुमच्या टोरांटोत या दिवसांत बर्फ साठतो. इथे सुगी साठते. सुगी म्हणजे पीक घरी येण्याचे दिवस. कन्नडमध्ये सुग्गी, आपल्यात सुगी. हा शब्द कुणी कुणाकडून घेतला यावर हिरिरीने भांडणारी माणसं धारवाडात पुष्कळ आहेत. भात कापणाऱ्या बायकांना मात्र हा प्रश्न पडलेला मी पाहिला नाही. त्या एका वाक्यात दोन्ही भाषा वापरतात आणि विळा चालूच असतो.

मागच्या सुगीबद्दल तुम्हाला लिहायचं आहे. "आज्जीचं बजेट कोसळलं" एवढंच तुम्ही बाबाकडून ऐकलंय. ते काही खरं नाही. बजेट मी लाल केलं, माझ्या हाताने, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

झालं असं की मागच्या दसऱ्यानंतर माझी एक ठेव मुदत पुरी होऊन हातात आली. एक लाख वीस हजार रुपये. पैसे माझे, पण बेत सगळ्यांकडे तयार होते. बाबाला त्यांतून माझं टोरांटोचं तिकीट काढायचं होतं. वसंतभावजींना, म्हणजे मळमड्डीत आपल्या मागच्याच घरात राहणाऱ्या तुमच्या धाकट्या आजोबांना, ते पुन्हा ठेवीत घालायचे होते. भावजी ट्रेझरीतून रिटायर झालेले. पैसा हलला की त्यांना गार वारा लागल्यासारखं होतं.

"मी या पैशांतून शब्द गोळा करणार आहे," मी म्हटलं.

"शब्द?" भावजी चहाची बशी खाली ठेवून म्हणाले. "ते फुकट मिळतात की वैनी. तोंड उघडलं की झालं."

अळणावरच्या आसपासच्या खेड्यांत भात पिकवणारी मराठी घरं आहेत. कापणीपासून मळणीपर्यंतच्या एकेका कामाला त्यांच्याकडे एकेक शब्द आहे, कधी मराठी, कधी कन्नड, कधी दोन्हींचं लग्न लागलेला. आता कापायचं मशीन आलंय. ते तासाभरात शेत मोकळं करतं, त्याच्याशी मला वैर नाही. पण जे काम हातातून जातं त्याचा शब्द तोंडातून जातो. ते शब्द अर्थासकट लिहून घ्यावेत आणि एक छोटा कोश छापावा, एवढंच मला करायचं होतं. कुणी मागितला नव्हता. कुठल्या विद्यापीठाचं काम नव्हतं, वर कुणी गाईड नव्हता.

"या वयात पीएचडी करताय काय?" भावजींनी विचारलं.

"पीएचडी असती तर स्कॉलरशिप मिळाली असती. हे माझं स्वतःचं आहे."

स्वतःचं म्हणून वाटेल तसं, हे मात्र मला जमत नाही. माझ्या मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा तारखा आहेत. म्हणून अन्वी, तुला व्हिडिओ कॉल लावला आणि चार रविवारांत तू मला शीट करायला शिकवलंस. "आज्जी, खर्च एका रकान्यात, अंदाज शेजारच्या रकान्यात. आणि बेरीज सगळ्यात वर ठेवूया, म्हणजे तुला खाली जावं लागणार नाही." बेरजेच्या चौकटीला तू रंग दिलास. एक लाख वीस हजारांच्या आत असेपर्यंत हिरवी, वर गेली की लाल. रेकॉर्डर, वह्या, बस जिथे सोडते तिथून गावापर्यंत रिक्षा, टाइपिंग, आणि सगळ्यात मोठी ओळ छपाईची. कोप्पीकर रोडवरच्या प्रेसने तीनशे प्रतींचे बावन्न हजार सांगितले होते, कापडी बांधणी आणि रंगीत वेष्टणासकट. बावीस ओळी झाल्या. चौकट हिरवीगार. मी इतकी खूश झाले की भावजींना बोलावून दाखवली.

"छान आहे," ते म्हणाले. "कागदावर उतरवून ठेवा."

शीट भरताना मला पुन्हापुन्हा तुमच्या आजोबांची डायरी आठवायची. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं. दर महिन्याच्या पहिल्या पानावर डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. जमेत पहिली ओळ 'पगार', म्हणजे त्यांचा. मग 'शेताचं भाडं'. मग सगळ्यात खाली 'इतर जमा'. त्या इतर जमेत रद्दीचे पैसे असत, जुन्या सायकलीचे एकदा होते, आणि दर महिन्याला माझा कॉलेजचा पगार असे. मी सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. काही वर्षं माझा पगार त्यांच्यापेक्षा जास्त होता. तरी ओळ तीच. ते वाईट नव्हते, मुलांनो. माझ्यासाठी पहाटे उठून पाणी तापवणारा माणूस होता तो. त्यांनी फक्त त्यांच्या वडिलांची डायरी पाहिली होती आणि तसेच रकाने आखले होते. मीही ती डायरी इतकी वर्षं पाहिली आणि कधी पेन उचललं नाही.

गावात पहिल्या दिवशी मला कस्तुराक्का भेटली. साठीची असेल, मला नेमकं सांगता येणार नाही, तिलाही येत नाही. पदर खोचलेला, कपाळावर भाताचा भुसा चिकटलेला, आणि आवाज शेताच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. मी वही काढून बांधावर बसले तर विळे थांबले.

"काय लिवणार वो अक्कोरू?" इकडे मास्तरणीला अक्कोरू म्हणतात. कुणी सांगायच्या आधीच तिने मला ओळखलं होतं.

"तुम्ही बोलता ते."

"ते लिवून काय करणार? लोणचं घालणार?"

सगळ्या हसल्या. मग तिने मला पेंढी कशी बांधायची ते दाखवलं, दोन काड्यांना पीळ देऊन. पेंढ्यांची उडवी कशी रचायची ते सांगितलं, कणसं आत आणि बुडखे बाहेर, म्हणजे पाऊस आला तरी दाणा भिजत नाही. खळ्यावर वारं देताना तिने सूप डोक्यावर धरलं आणि हलकेच कलतं केलं. दाणा सरळ तिच्या पायाशी पडला, हलकं ते पुढे उडालं.

"हे जे उडतंय ते फोल. वरनं भातासारखंच दिसतंय. आत दाणा न्हाई."

मी थबकले. प्रयत्न फोल ठरले, आशा फोल ठरली, हे मी हजार वेळा वाचलंय, दोनशे वेळा लिहिलं असेल. फोल डोळ्यांनी पाहिलं ते त्या दिवशी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. तळहातावर घेऊन दाबलं तर चप्प बसलं. वरून अगदी भात.

असे दिवस चालले होते. सकाळची साडेआठची बस, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दुपारी उडवीच्या सावलीला बसायचं. अंगाला तूस लागायचं आणि दोन दिवस खाज जायची नाही. घरी आल्यावर कोपराच्या घडीतसुद्धा कुसळं सापडायची. मी सुखात होते. नोकरीत असताना मला पाचला घरी पोचून कुकर लावायचा असे. आता कुकर वाट बघत नव्हता.

मग एका संध्याकाळी शेताचा मालक मजुरी वाटत होता. कस्तुराक्काची पाळी आली आणि तो म्हणाला, "हिची आज अर्धी हजेरी."

मला राहवलं नाही. हजेरी हा माझा शब्द. सदतीस वर्षं मी हजेरी घेतली आहे. खोटी हजेरी लावणारे, खिडकीतून पळणारे, दुसऱ्याच्या नावावर 'येस मॅडम' म्हणणारे सगळे मी पकडलेत. मी पुढे होऊन म्हटलं, "अहो, ती सकाळपासून हजर आहे. मी स्वतः साक्षीला आहे."

तो माणूस आधी गोंधळला, मग हसला. "हजर हाय वो अक्कोरू. पण तुमच्याजवळ. भाताजवळ न्हाई."

शेतभर हशा झाला. सगळ्यांत मोठ्याने कस्तुराक्का हसली. मीही हसले. नेमकं काय म्हणाला ते बसमध्ये बसल्यावर कळलं. तिथे हजेरी म्हणजे दिवसाची मजुरी, साडेतीनशे रुपये. मी बांधावर बसून वारं, सूप, फोल लिहून घेत होते तेव्हा तिचे पावणेदोनशे रुपये उडत होते. माझ्या शीटमध्ये रेकॉर्डरच्या सेलची ओळ होती. वह्यांच्या कव्हरांची होती. तिची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पैसे पुढे केले.

"असू दे की वो," ती म्हणाली. "बोलायचे काय पैसे?"

"मी सदतीस वर्षं बोलायचेच पैसे घेतले. दर महिन्याला. सही करून."

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "बघ गं, बोलायचा पगार असतोय म्हणं." ठरलं ते असं. ज्या बाया माझ्याजवळ बसतील त्यांना पूर्ण दिवसाची हजेरी मी देणार. आणि सुगी संपल्यावर एकदम द्यायची, कारण रोज मिळालेला पैसा घरात रोजच जातो. हे त्यांनीच सांगितलं.

त्या संध्याकाळी मी शीटमध्ये तेविसावी ओळ घातली आणि तिला नाव दिलं: हजेरी. तिच्याखाली नऊ बायकांची नावं, पुढे तारखा. कस्तुराक्का आली, पी. आली नाही, ए. माझ्या बोटांना विचारावंही लागलं नाही. आयुष्यभर हजेरी म्हटल्यावर हात जे करत आला तेच त्याने केलं. ओळीवर ओळ पी, पी, पी. स्वच्छ, सरळ, एका मापाची. रोज वर चौकट बघायची. हिरवी.

संक्रांत झाली. खळी मोकळी झाली, कोशाचं हस्तलिखित टाइप होऊन आलं. भावजी एका सकाळी पेन्सील कानामागे लावून आले. तुमच्या बाबाने त्यांना फोन केला असणार, त्यांनी कबूल केलं नाही. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि गुळपोळी वाढली.

"वैनी, ही काय बाराखडी लिहिलीय?"

"हजेरी आहे ती."

"कसली? शाळा काढलीत काय?"

"मजुरी. बायकांची. आता द्यायची आहे."

"मग रुपये कुठं आहेत?"

मी चष्मा लावला. "धरले असतील की शीटने. ओळ आहे ना."

भावजींनी गुळपोळी बाजूला सारली. असं ते सहसा करत नाहीत. पेन्सिलीच्या टोकाने पडद्यावर एकेक पी मोजत गेले. "अठ्ठ्याहत्तर. वैनी, यंत्र अक्षरांची बेरीज करत नाही. अठ्ठ्याहत्तर पी म्हणजे शून्य." मग कागदावर गुणाकार केला. सत्तावीस हजार तीनशे. "लेक्क चुकलं, हिशेब चुकला. तुम्ही पावणेचोवीस हजार वर जाताय."

चौकट हिरवीच होती.

मुलांनो, चूक झाल्याचं मला फार लागलं नाही. चुका मी जन्मभर लाल पेनने काढल्यात, त्यांत माझ्याही बऱ्याच होत्या. लागलं ते वेगळं. नऊ बायका मी रोज मांडल्या होत्या. एकीचाही दिवस गाळला नव्हता. सगळ्या हजर होत्या आणि बेरजेत एकही नव्हती. 'इतर जमा' लिहिणाऱ्या माणसाने निदान आकडा तरी लिहिला होता. मी नुसतं अक्षर लिहिलं.

"सोपं आहे," भावजी गुळपोळीकडे परत वळत म्हणाले. "अजून दिले नाहीत ना? मग ही ओळ काढून टाका. बाकी हिशेब चोख आहे. छपाईसुद्धा बसते. त्या बायका काय मागायला येणार आहेत?"

"नाही येणार."

"मग झालं की."

"म्हणूनच नाही झालं."

मी अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर पी पुसले आणि तिथे साडेतीनशे, साडेतीनशे भरत गेले. भावजी बघत होते. वरची चौकट थोडा वेळ टिकली. अकराव्या साडेतीनशेवर ती लाल झाली आणि शेवटपर्यंत लाल राहिली. "अय्य," भावजी म्हणाले, जणू दूध उतू गेलं.

आता उगाच मोठेपणा नको, खरं सांगते. मी दोन दिवस त्या छपाईच्या ओळीकडे बघत होते. बावन्न हजार. ती ओळ आणि हजेरीची ओळ, दोन्ही एका चौकटीत मावत नव्हत्या. आयुष्यभर मी दुसऱ्यांची पुस्तकं शिकवली. त्यांच्या कण्यावरची नावं ओल्या फडक्याने पुसली. माझ्या नावाचं एक पुस्तक कपाटात उभं असावं, कापडी बांधणीचं, हातात घेतलं की थोडं जड लागणारं, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. ते वाटणं मी कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून कुणाला दिसलं नाही.

बाबाचा फोन आला. "आई, पंचवीस हजार म्हणजे काय गं? मी आज पाठवतो."

"नको."

"का पण?"

"चूक माझी आहे. ती माझ्याच एखाद्या ओळीतून भरून निघायला हवी. तू भरलीस तर मी काही भरलं नाही."

मागून ईशान, तू म्हणालास, "आज्जी, तू भयंकर हट्टी आहेस." हो. आहे. तुम्हीही व्हा. फक्त हट्टाचा खर्च दुसऱ्याच्या ओळीत लिहू नका.

गावात गेले तेव्हा मी कस्तुराक्काला सरळ सांगितलं की पैसे कमी पडलेत, काय ते ठरवायचं आहे. मला तिच्याकडून परवानगी नको होती, पण तिच्यापासून लपवायचंही नव्हतं. ती भात पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "असू दे वो अक्कोरू. बोललो आम्ही, त्यात काय झिजलं? पुस्तक काढा तुम्ही." शेजारची म्हणाली, "असू दे." तिसरी कन्नडमध्ये म्हणाली, "इरली बिडरी." तेच. असू द्या.

मला राग आला. त्यांचा नाही. त्या दोन शब्दांचा. माझी आई शिळी भाकरी स्वतःच्या ताटात घेताना हेच म्हणायची. मी माझ्या पहिल्या पगाराचं पाकीट सासूबाईंच्या हातात दिलं तेव्हा हेच म्हटलं. नऊ बायकांनी कुठे ठरवलं नव्हतं, तरी नवांच्या तोंडी तेच, जणू एका टाइपरायटरवर काढलेल्या प्रती. कोशात मी हा शब्द घातला नाही, कारण तो सुगीचा नाही. पण सबंध सुगीत सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेला शब्द हाच. आणि यावर गळा काढून बोलणारे लोकही मला माहीत आहेत. म्हणतात, प्रेमाने दिलेल्याचं मोल करू नये. मी पाहिलंय, ज्याचं मोल करू नये म्हणतात ते बहुतेक वेळा फुकट घेतलेलं असतं. आणि ते वाक्य घेणाराच म्हणतो.

मी म्हटलं, "कस्तुराक्का, तुम्ही नाही म्हणालात तरी मी देणार. आणि घेतलं नाहीत तर तुमचे शब्द खोडून टाकणार. एकशेचाळीस शब्द आहेत तुमचे."

सूप थांबलं. "खोडणार?"

"लाल पेनने."

"बाई लई वाईट हाय," ती बाकीच्यांना म्हणाली, आणि हात पदराला पुसून पुढे केला.

छपाईची ओळ मी शून्य केली. चौकट पुन्हा हिरवी झाली, पण आता मला तिच्या रंगाशी देणंघेणं उरलं नव्हतं. नऊ पाकिटं केली, प्रत्येकावर नाव आणि दिवस. कस्तुराक्काचे चौदा दिवस, चार हजार नऊशे. तिने अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या, मग उलट्या बाजूने पुन्हा मोजल्या. "बरोबर हाय," म्हणाली. धन्यवाद वगैरे कुणी म्हटलं नाही. मालकालाही त्या कधी म्हणत नाहीत. मला ते फार आवडलं.

कोशाच्या मी मळमड्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानात साठ प्रती काढल्या. एकशेबारा पानं, वर पारदर्शक कव्हर, प्लॅस्टिकची स्पायरल. नऊ हजार रुपये. पहिल्याच पानावर नऊ नावं आणि प्रत्येकीपुढे तिच्या हजेऱ्या. भावजींनी प्रत उलटीपालटी करून पाहिली.

"वैनी, वाईट वाटून घेऊ नका. पण हे पुस्तक नाही. नोट्स आहेत."

"नोट्स वाचूनच पिढ्या पास झाल्या, भावजी. आम्हाला विचारा."

ते हसले आणि प्रत घरी घेऊन गेले. आठ दिवसांनी, पान चौसष्टवर एक अर्थ चुकलाय असं सांगायला आले. खरंच चुकला होता. म्हणजे त्यांनी वाचली. तीनशे कापडी बांधणीच्या प्रतींतल्या दोनशे कपाटात झोपल्या असत्या, असं मी स्वतःला समजावते, आणि मग स्पायरलचं टोक बोटाला टोचतं तेव्हा मला कापडी बांधणी हवीच होती हेही कबूल करते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाईट वाटलं म्हणून निर्णय चुकला असं होत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवत नसेल तर माझ्याकडून घ्या.

आता पुन्हा सुगी आहे. शीटमध्ये एकोणीस हजार दोनशे पन्नास शिल्लक होते. त्यांत मला भात घरी आल्यानंतरचे शब्द गोळा करायचे आहेत, साठवण्याचे, भरडण्याचे, कणी आणि कोंडा वेगळा करण्याचे. काल बसमध्येच मी हिशेब केला होता. साडेतीनशेने बरोबर पंचावन्न हजेऱ्या. असा नेमका आकडा आला की मला देवळात गेल्यासारखं वाटतं.

बांधावर चहा झाला. कस्तुराक्काने माझ्या पायांकडे बघून, "बारीक झालासा वो," म्हटलं. मी वही काढली. बायका जवळ सरकल्या, दोन नव्याही होत्या. मी पेनचं टोपण काढलं तशी ती म्हणाली, "यंदा चारशे हाय, अक्कोरू."

"काय चारशे?"

"हजेरी. कापणीला चारशे देत्यात औंदा. बोलायला कमी कशाला?"

माझ्या डोक्यात पंचावन्नाचे अठ्ठेचाळीस झाले. सात दिवस गेले. सात दिवसांत किती शब्द येतात ते मला ठाऊक आहे. "पावणेचारशे," मी म्हटलं.

"न्हाई."

"कापणीत कंबर मोडते. इथे सावलीत बसायचं आहे."

"कंबर मोडू दे की. कापताना डोकं मोकळं असतंय, काय बी इचार करायचा. तुमच्याजवळ बसलं की एकेक जुनं आठवावं लागतंय. रातच्याला झोप न्हाई येत." ती शेजारणीकडे वळली. "खरं का न्हाई गं?"

"खरं की," शेजारीण म्हणाली. एका नव्या पोरीने हळूच विचारलं, "आमाला बी चारशे?" कस्तुराक्का माझ्याकडे न बघताच तिला म्हणाली, "सगळ्यांस्नी सारखं."

कुणीही असू दे म्हटलं नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली, सवयीने. मग वहीच्या कोऱ्या पानावर चारशे लिहिलं, आकड्यात, मोठं, आणि वही फिरवून तिच्यापुढे धरली. अक्षरं तिला येत नाहीत, आकडे येतात. तिने चार आणि दोन शून्यांवरून बोट फिरवलं, मान हलवली, मांडी घालून नीट बसली, आणि बोलायला लागली.